देवाचा मध आणि कांद्याचा वास

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मधाचा वास घेतला.

हसू नका. आमच्या घरात हे दरवर्षीचं काम होतं. शिवरात्रीच्या सुमारास मधाचं एक मडकं घरात यायचं. बायको त्याच्या तोंडाला फडकं बांधायची, दोऱ्याच्या घट्ट गाठी मारायची आणि चुलीपासून लांब, फळीवर ठेवून द्यायची. मग अधूनमधून ते खाली काढायचं, फडकं सोडायचं आणि माझ्या नाकापुढं धरायचं.

"बघा, गेला का वास?"

त्या संध्याकाळी मी म्हटलं, "आहे अजून थोडा."

"तुमच्या नाकात तपकीर भरलीय, तुम्हाला काय कळणार," ती म्हणाली. मग स्वतः नाक लावलं आणि म्हणाली, "आहे खरा. राहू दे मग. घाई कुणाला आहे?"

फडकं बांधलं, गाठी मारल्या, मडकं वर ठेवलं. मग आम्ही पिठलं-भाकरी खाल्ली. मी ओट्यावर येऊन बसलो. कोपरीच्या खाडीवरून वारा येत होता. एवढंच. त्यात सांगण्यासारखं काही नाही, पण शेवटचं म्हणून सांगितलं.

आता त्या वासाची फिर्याद सांगतो. नोकरीत मी दरोडे पाहिले, विहिरीतून प्रेतं काढली. लोक तसलंच ऐकायला बसतात. पण मला विचाराल तर इतक्या वर्षांत एकच तपास असा झाला, की जो अजून कालच्यासारखा डोळ्यांपुढं आहे आणि आठवला की बरं वाटतं. नावं मी कुणाची घेणार नाही. त्यातली काही माणसं अजून आहेत, आणि नसतील त्यांची पोरं आहेत.

मी त्या वेळी कल्याणास जमादार होतो. शाळा माझी जेमतेम. मोडी लिहायला मला शिकवलं ते चौकीतल्याच एका म्हाताऱ्या हवालदारानं, छडी मारून. म्हणून माझ्या लिहिण्यात तुम्हाला पंडिताई मिळणार नाही.

महाशिवरात्रीच्या दिवशी दुपारी खडवलीच्या बाजूच्या एका गावाहून पोलीस पाटलाची वर्दी आली. गावात नदीकाठी शंकराचं जुनं देऊळ आहे. पूजेचा मध कुणी तरी भ्रष्ट केला, गावकऱ्यांनी एका कातकऱ्याला धरून ठेवलाय, लवकर यावं, नाहीतर जिवानिशी जाईल. फौजदारसाहेब ठाण्याला गेले होते. मी दोन शिपाई घेतले आणि निघालो.

त्या देवळाचा एक रिवाज होता. तो आधी सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. देवळाच्या आवारात एक जुनी बकुळ होती. खोडात ढोली. त्या ढोलीत सातेरी माश्यांचं पोळं. कुणाच्या आज्या-पणज्यापासून ते तिथंच. शिवरात्रीच्या अभिषेकाला बाहेरचा मध चालायचा नाही, त्याच झाडातला पाहिजे. तो काढायचा मान एका कातकऱ्याच्या घरात बापाकडून मुलाकडे चालत आलेला. तो मध काढी, नव्या मडक्यात भरी आणि देवळाच्या पायरीवर ठेवून मागं सरके. गुरव तो आत नेई.

त्या दिवशी गुरवानं गाभाऱ्यात मडक्याचं फडकं सोडलं आणि भप्पकन कांद्याचा वास आला.

शंकराच्या डोक्यावर कांदा! तेही शिवरात्रीला, सगळं गाव उपाशीपोटी उभं असताना! लोकांनी पुढचा मागचा विचार केला नाही. कातकरी पायरीच्या खाली उभा होता, त्याला तिथंच घेतला.

मी गावात पोचण्याआधीच मला खबर मिळाली. नदीच्या उतारावर एक माणूस वाट बघत उभा होता. देवस्थानची नदीकाठची भाजीची वाडी खंडानं करणारा हा वाडीवाला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "जमादार, सांगू नये, पण सांगतो. माजा नाव मधी आणू नका. मी मोट हाकत व्हतो. त्या कातकऱ्याला मी माज्या डोल्यांनी बघितला. झाडाखाली बसून कांदा-भाकर खात व्हता, आनि मग तोच हात पोळ्यात घातलान."

मी म्हटलं, "शपथेवर सांगशील?"

"देवाशपथ. खोटा असंल तर जीभ झडंल."

त्याच्या आवाजात खोट नव्हती. मला माणसं ओळखता येतात असा माझा समज होता, आणि त्या बाबतीत मी बरोबरच होतो. तो खरंच बोलत होता.

देवळात गेलो. कातकरी म्हातारा चाफ्याच्या बुंध्याला बांधलेला. ओठ फुटलेला, एक हात सुजलेला. पहिल्यांदा त्याला सोडवला. त्यावर देवस्थानचे वहिवाटदार माझ्या अंगावर आले. शिकलेले, सोवळ्यातले गृहस्थ. म्हणाले, "जमादार, आमच्या घरात चार पिढ्यांत कांदा शिरलेला नाही. आमच्या देवाच्या जमिनीतसुद्धा कांदा-लसूण लावायचा नाही अशी वहिवाट आहे. आणि हा माणूस कांद्याच्या हातानं देवाला मध देतो! याला ठाण्याच्या तुरुंगात पाठवा. आणि मान याच्या घरातून आजपासून गेला."

मी पंचनामा केला. मडकं नाकाला लावून पाहिलं. वास होता, नाकारण्यासारखा नव्हता. मडक्याला लाख लावून मुद्देमाल म्हणून ताब्यात घेतलं. लाख लावण्याआधी ते हलवताना थोडा मध माझ्या अंगरख्याच्या बाहीला लागला. मी तिकडे लक्ष दिलं नाही. पण पुढचा सगळा तपास त्या बाहीनंच फिरवला.

कल्याणला चौकीत म्हाताऱ्याला समोर बसवून जबानी घ्यायला लागलो. लिहायला हवालदार होता.

"मध काढलास त्या दिवशी कांदा खाल्लास?"

"खाल्ला."

हवालदारानं बोरू थांबवला आणि माझ्याकडे बघितलं. मी विचारलं, "कधी?"

"झाडावर चढायच्या आदी."

"का?"

"भूक लागली."

हवालदार हसून म्हणाला, "जमादार, कबूलच आहे की. आता राहिलं काय? अंगठा घेऊ का?"

"थांब," मी म्हटलं. "हात धुतले होतेस का रे?"

"धुतले. राख लावून धुतले, मग नदीत धुतले. दर साली धुतो. बापानं शिकवला तसा धुतो." मग म्हणाला, "साहेब, तुरुंगात घाला. झाड नका काढू माज्याकडून."

"तुरुंगापेक्षा झाडाचं पडलंय तुला?"

"साल भर मी पायरीच्या खाली. देव मला दिसत पन नाय, निसता दिवा दिसतो. पन त्या एका दिवशी माज्या हातचा मध देवाच्या डोक्यावर पडतो. मी खालून बघतो. माजा बाप बघायचा. माजा पोर बघंल." त्यानं सुजलेला हात मांडीवर ठेवला. "झाड गेला तर मंग आमी कोन?"

हवालदारानं ते लिहिलं नाही. जबानीत बसत नाही म्हणाला.

बाहेर त्याची म्हातारी येऊन बसली होती. रडत नव्हती, नुसती चौकीच्या दाराकडे तोंड करून बसली होती. शिपायानं हटकलं तर म्हणाली, "बसलीय नुसती. बसायचा बी गुना हाय का?"

मला एक गोष्ट खटकत होती. खोटं बोलणारा माणूस पहिल्यांदा काय करतो, तर कांदा खाल्लाच नाही म्हणतो. हा विचारल्याबरोबर हो म्हणाला. पण खटकण्यावर कुणी सुटत नाही. खबर होती, कबुली होती, मुद्देमाल होता. मामलेदारापुढं उभा केला असता तर काम फत्ते होतं. फौजदारसाहेबांनी ठाण्याहून निरोपच धाडला होता, की पूजेची वस्तू भ्रष्ट केल्याचं कलम लावून कागद तयार ठेवा, गावात दंगा नको.

मी घरी गेलो, अंगरखा काढून टाकला आणि जेवायला बसलो. बायको कपडे भिजत घालायला निघाली आणि दारातच थांबली. बाही नाकाला लावली.

"अहो, आज कुणाच्या मळ्यात गेला होतात?"

"मळ्यात नाही, देवळात."

"मग हा डेंगळ्यांचा वास कसा?"

डेंगळे म्हणजे कांद्याला फुलाचे दांडे येतात ते. कांदा खायला लावला तर ते येऊ देत नाहीत. पण बी धरायचं असेल तर जुना कांदा पुन्हा जमिनीत लावतात, त्याला उंच दांडे येतात आणि टोकाला पांढऱ्या फुलांचा गोंडा. तिच्या माहेरी बियाला कांदा ठेवायचे. लहानपणी ती त्या वाफ्यांतच वाढलेली.

मी म्हटलं, "कांद्याचा वास आहे तो. कातकऱ्यानं कांद्याच्या हातानं मध काढला, त्याचीच भानगड."

"छट्," ती म्हणाली. "चिरलेल्या कांद्याचा वास डोळ्यांत जातो. हा जातोय का? घ्या, बघा. हा हिरव्या पातीचा आहे. फुलाचा. माझ्या माहेरचा आहे हा."

"तू आता पोलिसांना शिकवणार?"

"पोलिसांना कोण शिकवणार? ते शिकतात होय?" असं म्हणून ती बाही धुवायला घेऊन गेली.

मला हसू आलं, पण हातातला घास मी ताटात परत ठेवला. कारण ही बाई खटल्यातलं काही जाणत नव्हती. तिला कुणाचा मान वाचवायचा नव्हता, कुणाला तुरुंगात घालायचं नव्हतं. तिनं नुसता वास घेतला होता. अशी साक्ष नोकरीत फार थोड्या वेळा मिळते.

दुसऱ्या दिवशी मी कातकऱ्याला बरोबर घेऊनच गावात गेलो. गाव जमलं. मी त्याला विचारलं, "पोळं सगळं काढलंस का?"

"सगला नाय काढत. माश्यांचा वाटा ठेवायचा असतो. आत हाय."

मी पंचांना म्हटलं, "हे बरं झालं. आत जे पोळं राहिलंय त्याला याचा हात लागलेला नाही. ते काढू या. त्याला वास नसला, तर वास याच्या हाताचा, आणि मी याला आत्ता घेऊन जातो. त्यालाही वास असला, तर वास झाडातच आहे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. कातकरी पुढं झाला, तसा मी त्याला अडवला. "तू नाही. तुझा हात लागला तर पुन्हा तेच म्हणतील. आणि मीही नाही, मी सकाळीच कांदा-भाकरी खाऊन आलोय. कांदा न खाणारा हात पाहिजे. आहे का कुणाचा?"

लोक एकमेकांकडे बघायला लागले. पाटील मागं सरकला. पंच बकुळीकडे बघत बसले. गुरव म्हणाला, "माझं वय झालं, जमादार. माझ्यानं झाडाजवळ वाकवत नाही." शेवटी सगळ्यांच्या नजरा एकाच माणसाकडे गेल्या.

वहिवाटदार तांबडेलाल झाले. पण चार पिढ्यांचं त्यांनीच सांगितलं होतं. "काढतो," म्हणाले. "देवाचं काम आहे."

कातकऱ्यानं ओल्या गवताचा धूर केला. "हलू हात घाला, मालक," तो म्हणाला. "झटका मारू नका. त्यांना घाबरलेला हात कलतो."

"मला शिकवू नकोस," वहिवाटदार म्हणाले आणि हात खसकन आत घातला.

पुढचं सांगायला नको. सोवळं एकीकडे, पगडी एकीकडे. पण एक बोललंच पाहिजे. त्या माणसानं हात मोकळा बाहेर काढला नाही. पोळ्याचा तुकडा मुठीत धरूनच काढला. कातकऱ्यानं पळत जाऊन त्यांच्यावर धूर धरला, हातातले काटे नखानं काढले. शिवायचं नाही हे त्या वेळी कुणालाच आठवलं नाही, वहिवाटदारांनाही नाही.

मग त्यांनी स्वतःची मूठ नाकाशी नेली.

मी विचारलं, "काय वास आहे?"

त्यांनी मूठ गुरवापुढं केली. गुरवानं वाकून वास घेतला. मघाशी म्हातारबुवांना वाकवत नव्हतं, आता बरं वाकवलं. "कांदा," गुरव म्हणाला. "देवा शंभो! झाडातच कांदा आहे."

गर्दीतून कुणी तरी म्हणालं, "मग काय माश्यांनी कांदा खाल्ला?" आणि लोक हसायला लागले. शिवरात्रीला ज्यांनी हात उचलला होता तेही हसत होते. कातकरी हसला नाही. तो वहिवाटदारांच्या हाताला चुना लावत होता.

आता प्रश्न राहिला, की माश्या हा वास आणतात कुठून? मी घरून थोडं तांदळाचं पीठ आणलं होतं. बायकोनंच बांधून दिलं होतं. माश्या शांत झाल्यावर ढोलीच्या तोंडावर ते भुरभुरलं. निघणारी माशी पांढरी होऊन निघायला लागली. एक शिपाई जंगलाच्या बाजूला उभा केला, एक ओढ्याला, आणि मी स्वतः नदीकाठच्या वाडीकडे गेलो. तिथं जायचं कारण एकच. कातकऱ्याविरुद्धची खबर तिथून आली होती. खबर जिथून येते तिथं एकदा जाऊन यावं, हा माझा जुना नियम.

वाडीवाला मोटेवर होता. मला बघून बैल थांबवले. "या, जमादार. वांगी नेता का? मुळा नेता?"

"बघतो तर खरा," म्हणून मी आत शिरलो. पुढं वांगी, मग मुळा, मग मांडवावर दोडकी. त्यांच्या मागं तुरीची दाट रांग, भिंतीसारखी. मी तिकडे वळलो, तसा तो आडवा आला. "तिकडं काय नाय. साप हाय तिकडं."

"साप बघितलेत मी," म्हटलं आणि तूर बाजूला केली.

चांगला मोठा वाफा होता. कमरेएवढे दांडे, टोकाला पांढरे गोंडे, आणि त्यांवर माश्यांचा असा गुंजारव, की तंबोरा लावल्यासारखा. मी एका गोंड्याजवळ वाकलो. एक माशी पिठानं पांढरी झालेली. शेजारी दुसरी. वास तोच, माझ्या बाहीचा.

वाडीवाला मातीतच बसला. मी काही विचारलं नाही. अशा वेळी विचारू नये, माणूस आपणच बोलतो.

"खायला नाय लावला," तो म्हणाला. "बियाला लावला, जमादार. माज्या आज्यापासनं चाललेला बी हाय, पांढऱ्या कांद्याचा. आमच्या शेतात औंदा नदी शिरली, सगला सडला. टोपलीभर कांदं वाचलं. बी एक साल राहतो, दुसऱ्या साली उगवत नाय. हितं लावला नसता तर बी बुडाला असता."

"आणि देवाच्या जमिनीत कांदा लावला हे कळलं तर वाडी जाते."

"जाते."

"म्हणून मला नदीवर गाठलंस."

तो मान खाली घालून म्हणाला, "वास आला तवाच मी वलखला. पन मी खोटा नाय बोललो. त्यानं कांदा खाल्ला व्हता. मी बघितला."

"खोटं नाही बोललास," मी म्हटलं. "खोटं बोलला असतास तर मी तुला पहिल्याच दिवशी धरला असता."

मी त्याला दंडाला धरून देवळात आणला आणि कातकऱ्यापुढं उभा केला. म्हटलं, "मला सांगितलंस ते याला सांग." त्यानं सांगितलं. कातकरी ऐकत राहिला.

वहिवाटदारांचा हात गाठोड्यासारखा सुजला होता, तरी त्यांचा हुकूम तयार. "सगळं उपटून टाका! आणि वाडी काढून घ्या!"

तेव्हा कातकरी म्हणाला, "मालक, आता फुलं उपटली तर माश्या खातील काय? माश्या उठून जातील. मंग म्होरल्या शिवरात्रीला मध कुठला?" मग वाडीवाल्याकडे न बघता म्हणाला, "पिकू दे त्याचा बी."

मार खाल्लेला माणूसच सांगतोय म्हटल्यावर काय बोलणार? मी वहिवाटदारांना एवढंच म्हटलं, "साहेब, जमीन देवाची, झाड देवाचं, माश्या देवाच्या. पिनलकोडात माशीवर लावायचं कलम नाही. मी कागद बंद करतो. झाडाचं तुम्ही सांगा."

ते आपल्या हाताकडे बघत होते. काटे कुणी काढले ते त्यांना ठाऊक होतं. "झाड त्याचंच," शेवटी म्हणाले. "आणि वाफा… बी धरेपर्यंत राहू द्या. पुढल्या साली नाही."

गुरव म्हणाला, "पण मधाचं काय? फुलाचाच रस आहे. देवाला फूल चालतंच की."

"शंकराला केवडा चालत नाही, ठाऊक आहे ना?" वहिवाटदार म्हणाले. "मग कांद्याचं फूल कुठून चालेल?"

"केवड्याला शाप आहे. कांद्याच्या फुलाला कुणी शाप दिलाय?"

त्यांचा वाद संध्याकाळपर्यंत चालला. सुटकेच्या कागदावर अंगठा घ्यायचा म्हणून मी म्हाताऱ्याला बरोबर घेऊन कल्याणला निघून आलो. चौकीपुढं म्हातारी तशीच बसलेली. म्हाताऱ्याला बघितल्यावर उठली, लुगडं झटकलं आणि म्हणाली, "चला. किती येळ लावलात!"

मडकं माझ्या गळ्यात पडलं. खटला नाही म्हणून मुद्देमाल नाही, आणि देऊळ परत घेईना. चौकीत मुंग्या लागल्या तेव्हा मी ते घरी आणलं. बायकोनं फडकं बांधून फळीवर टाकलं. आषाढात कधी तरी तिनं ते उघडलं आणि मला हाक मारली. "अहो, इकडं या. वास कुठं गेला?"

खरंच नव्हता. नुसता मध, गोड, किंचित तिखटसर.

"रागासारखंच आहे की हे," ती म्हणाली. "ठेवून दिलं की जातो."

श्रावणी सोमवारी आम्ही दोघं ते मडकं घेऊन त्या गावी गेलो. गुरवानं वास घेतला, वहिवाटदारांनी घेतला. गुरव मडकं घेऊन आत गेला. कातकरी, त्याची म्हातारी आणि पोरगा पायरीच्या खाली उभे होते. वाडीवालाही होता, जरा लांब. मध देवावर पडला. मी देवाकडे बघितलं नाही, म्हाताऱ्याकडे बघत होतो. कोर्टात मला पुष्कळदा शाबासकी मिळाली, पण असं तोंड बघायला मिळालं नाही.

पुढच्या साली वाडीवाल्यानं स्वतःच्या शेतात, नदीपलीकडे, बियाचा कांदा लावला. माश्यांना नदी काय आडवी? झाडातल्या मधाला वास येतच राहिला. मग गावानं रीतच पाडली, की शिवरात्रीला गेल्या सालचा मुरलेला मध चढवायचा. आणि ताज्यातलं एक मडकं कातकरी मला आणून द्यायचा. तो गेल्यावर त्याचा पोरगा आणतो. मी पेन्शन घेऊन कोपरीला आलो, तरी पायी चालत इथवर आणतो.

घरात तर ती बोलण्याची पद्धतच झाली. माझं कुणाशी बिनसलं, मी भांडं आपटलं, की दुसऱ्या दिवशी ती विचारी, "गेला का वास?" मग रागावून राहता येत नसे.

या तपासानं मला काय शिकवलं ते सांगतो आणि थांबतो. पोलिसाला शिकवतात की खोटं शोधा. मीही तेच करत आलो. पण त्या कातकऱ्याला तुरुंगात घालायला निघाली होती ती खरी गोष्ट. त्यानं कांदा खाल्ला होता. बघणाऱ्यानं बघितला होता. दोघंही खरं बोलले, आणि तरी निकाल खोटा लागणार होता. तेव्हापासून कुणी खरी खबर आणली, की मी ती ऐकून घेई आणि मग विचारी, हे खरं आहे, पण तू मला ते का सांगतोस? पुष्कळ गुन्हे त्या एका प्रश्नानं उघडले. आणि दुसरं म्हणजे, बायको बाही हुंगत असेल तर जेवण बाजूला ठेवून ऐकावं.

आता सुरुवातीला सोडलेलं पुरं करतो. त्या संध्याकाळी आम्ही वास घेतला, जेवलो, झोपलो. सकाळी ती उठली नाही. दुखणं नाही, खुपणं नाही. मी चहा करून हाक मारली तेव्हा कळलं.

शेजारपाजारचे जमले. क्रिया सांगायला भटजी आले. तरुण पोरगा होता, माझ्यासारख्या म्हाताऱ्याशी कसं बोलावं हे त्याला समजेना. पिंडाचं सामान मागू लागला. पीठ, तीळ, तूप मिळालं. मग म्हणाला, "मध आहे का घरात?"

शेजारची आक्का म्हणाली, "आणते मी वाण्याकडून."

मी म्हटलं, "घरात आहे." फळीवरून मडकं काढलं. भटजीला म्हटलं, "हे बघा, कांद्याच्या फुलाचा आहे. वास अजून गेलेला नाही. कालच आम्ही बघितला. चालत असेल तर घ्या, नसेल तर तसं सांगा. मला राग नाही."

त्यानं मडक्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. "फुलाचाच ना? द्या."

गाठी तिनं घट्ट मारल्या होत्या. सुटेनात. कुणी तरी विळी पुढं केली. मी नको म्हटलं. खाली बसलो, मडकं मांडीवर घेतलं आणि एकेक गाठ नखानं सोडवली.

मग वास घेतला. होता.

मडकं भटजीच्या हातात दिलं.